डिकॅफचा पेला आणि द्रावकाचा अंश

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे 'ईपीए'ने, ३० एप्रिल २०२४ रोजी मिथिलीन क्लोराइड या रसायनाच्या घरगुती वापरावर सरसकट बंदी जाहीर केली. बहुतेक औद्योगिक आणि व्यावसायिक वापरही टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा नियम तिने त्याच वेळी केला. जुना रंग खरवडण्याच्या द्रवात हे रसायन वर्षानुवर्षे वापरले जात होते. बंद खोलीत, विशेषतः न्हाणीघरातील टबावरचा रंग काढताना, त्याच्या वाफेने गुदमरून कामगार दगावल्याच्या घटनांची तेथे मोठी यादी आहे. १९८० ते २०१८ या काळात अमेरिकेत या रसायनाने झालेल्या ८५ मृत्यूंची नोंद एका वैद्यकीय अभ्यासात झाली आहे. बंदीची बातमी वाचणाऱ्या अनेकांना मात्र त्यातील एका अपवादाने बुचकळ्यात टाकले. रंग काढण्यास जे रसायन अतिधोकादायक ठरले, तेच कॉफीच्या बियांतून कॅफीन काढण्यासाठी वापरण्यास पूर्वीइतकीच मोकळीक राहिली.

या विसंगतीचे कारण शास्त्रीय नसून कायदेशीर आहे. ईपीएने ज्या विषारी द्रव्य नियंत्रण कायद्याचा आधार घेतला, त्याच्या कक्षेतून अन्न, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने मुळातच वगळलेली आहेत. अन्नातील रसायनांचा निर्णय अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे 'एफडीए'ने करायचा. (महाराष्ट्रातील त्याच नावाच्या खात्याशी याचा संबंध नाही.) या दुसऱ्या खात्याच्या नियमानुसार भाजलेल्या डिकॅफ कॉफीत आणि डिकॅफ इन्स्टंट कॉफीत मिथिलीन क्लोराइडचा अंश १० पीपीएमपर्यंत, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, चालतो. एकाच देशाची दोन खाती एकाच रसायनाकडे दोन चष्म्यांतून पाहतात. त्यातला कोणता चष्मा बरोबर, हा प्रश्न डिकॅफ पिणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. डिकॅफकडे वळणारा माणूस बहुधा प्रकृतीसाठीच वळलेला असतो. गर्भवती स्त्री, छातीत धडधड होणारा, झोप उडालेला किंवा आम्लपित्ताने त्रासलेला ग्राहक एक त्रास टाळण्यासाठी ही कॉफी घेतो. त्याच्या पदरी दुसराच धोका पडत असेल, तर ती बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

कॅफीन काढण्याची क्रिया भाजण्यापूर्वी, हिरव्या बियांवर होते. बिया वाफेने फुगवल्या की त्यांची छिद्रे मोकळी होतात. मग त्या द्रावकाने कित्येक तास धुतल्या जातात. द्रावक कॅफीनला आपल्यात ओढून घेतो आणि चवीचे बहुतेक घटक बीतच सोडतो. मिथिलीन क्लोराइडची खरी मातब्बरी या निवडक ओढीत आहे. दुसऱ्या पद्धतीत बिया गरम पाण्यात भिजवून ते पाणी वेगळे काढतात, पाण्यातील कॅफीन द्रावकाने काढून घेतात आणि चवदार पाणी बियांना परत पाजतात. या अप्रत्यक्ष पद्धतीत द्रावकाचा बीशी थेट संबंध येत नाही. दोन्ही पद्धतींत शेवटी बियांना पुन्हा वाफ देऊन द्रावक हुसकावला जातो. हे द्रावक सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते आणि कॉफी २०० अंशांच्या आसपास भाजली जाते. तेव्हा शिल्लक राहील ते काय, असा उत्पादकांचा युक्तिवाद असतो. तो बराचसा खरा आहे, पण पूर्ण खरा नाही. बीच्या पेशींत आणि तेलांत अडकलेला अत्यल्प अंश भाजणीतूनही टिकतो, आणि प्रयोगशाळेत तो सापडतोही.

द्रावकांचा इतिहास पाहिला तर ग्राहकाचा संशय अनाठायी म्हणता येत नाही. फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ च्या सुमारास कॉफीतून कॅफीन वेगळे केले. त्याला अभ्यासासाठी कॉफीच्या बिया दिल्या होत्या त्या महाकवी गटे यांनी. व्यापारी प्रमाणावर कॅफीनमुक्त कॉफी विकण्यास सुरुवात केली ती ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या व्यापाऱ्याने. १९०६ मध्ये त्याने काढलेल्या कंपनीची 'काफे हाग' ही कॉफी युरोपभर गेली आणि फ्रान्समध्ये तिचेच भावंड 'सांका' या नावाने खपले. त्या काळी वापरलेला द्रावक होता बेंझिन. बेंझिन रक्ताचा कर्करोग घडवते, हे आज वैद्यकशास्त्राचे विद्यार्थीही जाणतात. आरोग्याचे पेय म्हणून जाहिरात झालेली कॉफी बेंझिनमध्ये धुतलेली होती, याची खरेदीदारांना कल्पना नव्हती, आणि विकणाऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

बेंझिन मागे पडल्यावर क्लोरीनयुक्त द्रावक आले. त्यांतील ट्रायक्लोरोइथिलीन बराच काळ अमेरिकी उद्योगाचे लाडके होते. १९७५ मध्ये तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उंदरांतील यकृताच्या कर्करोगाबाबत इशारा दिला आणि कंपन्यांनी ते सोडून मिथिलीन क्लोराइड जवळ केले. पुढे २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ट्रायक्लोरोइथिलीनला मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात टाकले. यातली सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. उद्योगाने सोडून दिलेल्या या द्रावकाला डिकॅफ कॉफीत मुभा देणारे कलम अमेरिकी नियमपुस्तकातून काढलेच गेले नाही. दळलेल्या कॉफीत २५ पीपीएमपर्यंत ट्रायक्लोरोइथिलीन चालेल, असे सांगणारी ती ओळ २०२४ मध्येही तिथेच होती. नियम करणारी यंत्रणा आपल्या जुन्या परवानग्यांकडे किती वेळा वळून पाहते, हे यावरून कळते.

आता मिथिलीन क्लोराइडविरुद्धचा पुरावा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या प्रयोगात उंदरांना दोन वर्षे हवेतून २,००० आणि ४,००० पीपीएम इतक्या मात्रेने हे रसायन देण्यात आले. त्यांच्या फुफ्फुसांत आणि यकृतात गाठी लक्षणीय प्रमाणात वाढल्या. या प्रयोगाचे दोन बारकावे लक्षात घ्यावे लागतात. एक, ते रसायन हुंगवले होते, पाजले नव्हते. दुसरा अधिक महत्त्वाचा. शरीर हे रसायन दोन वाटांनी निकालात काढते. नेहमीच्या वाटेने त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते, तर ती वाट भरून वाहू लागली की ते दुसऱ्या वाटेने जाते आणि तेथे जनुकीय द्रव्याला इजा करणारे घटक तयार होतात. उंदरांत ही दुसरी वाट माणसापेक्षा बरीच रुंद आहे. म्हणून उंदराचे निष्कर्ष माणसावर जसेच्या तसे लावणे योग्य नाही, हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या वजनदार आहे. तरीही माणसातही ही वाट आहे, आणि काही माणसांत ती इतरांहून अधिक चालते. २०१४ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने मिथिलीन क्लोराइडला 'बहुधा कर्करोगकारक' या २-अ गटात बसवले, ते हा सगळा विचार करूनच.

गटवारीमुळे एक गैरसमज मात्र हमखास होतो. गट सांगतो तो पुराव्याचा भक्कमपणा. धोक्याचा आकार तो सांगत नाही. आकार कळण्यासाठी मात्रेचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो मांडणे अवघड नाही. एका कपाला १० ग्रॅम कॉफी लागते आणि माणूस रोज तीन कप पितो, असे धरू. कॉफीत कायद्याने चालणारा पुरेपूर १० पीपीएम अंश असेल आणि तो सगळाच्या सगळा कपात उतरला, तर पोटात दिवसाला ०.३ मिलिग्रॅम जाईल. ईपीएनेच २०११ मध्ये ठरवलेली आयुष्यभराची सुरक्षित मात्रा शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.००६ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती ०.३६ मिलिग्रॅम होते. म्हणजे कायद्याची कमाल मर्यादा गाठणारी कॉफी सुरक्षित मात्रेच्या अगदी उंबरठ्यावर येऊन थांबते. त्याच संस्थेचे कर्करोगाचे गुणक लावले, तर अशी कॉफी जन्मभर पिणाऱ्या एक लाख माणसांत फार तर एक जादा रुग्ण संभवतो. अमेरिकी नियंत्रक साधारणपणे दहा लाखांत एक ही उपेक्षणीय धोक्याची रेषा मानतात. त्या रेषेच्या हे दहापट वर आहे.

प्रत्यक्षातली कॉफी मात्र मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही. चाचण्यांत सापडणारे अंश सहसा एक पीपीएमच्या खाली असतात, आणि पुष्कळ नमुन्यांत काही सापडतच नाही. अंश अर्धा पीपीएम धरला, तर तीन कपांतून १५ मायक्रोग्रॅम जातात आणि जन्मभराचा धोका वीस लाखांत एकावर येतो. तुलनेसाठी नळाच्या पाण्याकडे पाहावे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात हेच रसायन लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंत कायद्याने चालते. दिवसाला तीन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात तेवढेच १५ मायक्रोग्रॅम जाऊ शकतात. आणखी एक तुलना कॉफीच्याच पोटातली. कॉफी भाजताना, मग ती डिकॅफ असो वा नेहमीची, ॲक्रिलामाइड तयार होते. तेही त्याच २-अ गटात आहे. भाजलेल्या कॉफीसाठी युरोपीय संघाने ठेवलेले त्याचे निर्देशमूल्य किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ पीपीएम आहे. कॅफीन काढण्याच्या द्रावकाला घाबरून नेहमीच्या कॉफीकडे परतणारा ग्राहक त्याच गटातील दुसरे रसायन न कुरकुरता पीत असतो. आणि कॉफीच्या बाबतीत माणसांवरील मोठ्या पाहण्या आजवर दिलासा देणाऱ्याच निघाल्या आहेत. अमेरिकेतील चार लाखांवर लोकांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कॉफी पिणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण किंचित कमी आढळले, आणि डिकॅफ पिणाऱ्यांतही चित्र तेच होते. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण डिकॅफ पिणाऱ्यांवर काही मोठे संकट दबा धरून बसले असते तर त्याची चाहूल इथे लागली असती.

मग वाद कशाचा? तो १९५८ च्या एका वाक्याचा आहे. त्या वर्षी अमेरिकी अन्नकायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यातील 'डिलेनी कलम' सांगते की माणसात किंवा प्राण्यात कर्करोग घडवणारे म्हणून आढळलेले मिश्रद्रव्य सुरक्षित मानता येणार नाही. मात्रा किती, हा प्रश्नच त्या कलमाला मान्य नाही. १९८५ मध्ये एफडीएने केसांच्या फवाऱ्यासारख्या प्रसाधनांतून मिथिलीन क्लोराइड हद्दपार करण्याचा प्रस्ताव मांडला (बंदी १९८९ मध्ये पक्की झाली), पण कॉफीतले ते राहू दिले. कॉफीतला धोका दहा लाखांत एकाहूनही कमी असल्याने कलमाचा इतका काटेकोर अर्थ लावण्याची गरज नाही, अशी तिची भूमिका होती. ती व्यवहार्य होती. मात्र १९८७ मध्ये दोन कृत्रिम रंगांच्या प्रकरणात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नेमका हाच युक्तिवाद फेटाळला. धोका क्षुल्लक असला तरी कायद्याचे शब्द सूट देत नाहीत, असे न्यायालय म्हणाले. निकाल रंगांपुरता होता. कॉफी त्यातून निसटली आणि तिच्याकडे पुढे कोणी फारसे पाहिले नाही.

एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड आणि अन्य संस्थांनी ही धूळ झटकली. बेंझिन, ट्रायक्लोरोइथिलीन, इथिलीन डायक्लोराइड आणि मिथिलीन क्लोराइड या चारही द्रावकांच्या अन्नातील परवानग्या रद्द कराव्यात, अशी त्यांची याचिका एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये दाखल करून घेतली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात डिकॅफमधील मिथिलीन क्लोराइडवर बंदी घालणारे विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. राष्ट्रीय कॉफी संघटनेने दोन्ही प्रयत्नांना विरोध केला. डिलेनी कलम मृतवत झाले आहे, असे मानणाऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये धक्का बसला. 'रेड क्रमांक ३' या खाद्यरंगाची परवानगी एफडीएने रद्द केली. त्या रंगामुळे उंदरांत गाठी होण्याची क्रिया माणसाला लागू नाही, असे खाते स्वतःच म्हणत होते; तरी कलमापुढे त्याचा इलाज चालला नाही. त्याच न्यायाने कॉफीच्या द्रावकाचा बचाव करणे कायद्याच्या भाषेत अवघड आहे, विज्ञानाच्या भाषेत तो कितीही सोपा असो.

युरोपने या शाब्दिक कोंडीत न शिरता दुसरी वाट धरली. तेथील २००९ च्या निर्देशानुसार भाजलेल्या कॉफीत मिथिलीन क्लोराइडचा अंश २ पीपीएमहून जास्त चालत नाही. अमेरिकी मर्यादेच्या तो पाचवा हिस्सा. या द्रावकाने डिकॅफ करण्याच्या धंद्यात जर्मनी आजही अग्रेसर आहे आणि या मर्यादेने तेथला एकही कारखाना बंद पडल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकी उद्योगाचा युक्तिवाद इथेच त्याच्यावर उलटतो. अंश एक पीपीएमच्या आत असतो हे खरे असेल, तर १० पीपीएमची मुभा टिकवून ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. ती मुभा चांगल्या कारखान्याच्या उपयोगाची नाही. उपयोग झालाच तर निष्काळजी कारखान्याला होईल.

पर्याय अर्थातच आहेत. मुल्हाइम येथील माक्स प्लांक संस्थेतील कुर्ट झोजेल यांनी १९६० च्या दशकात शोधलेल्या पद्धतीत प्रचंड दाबाखालील कार्बन डायऑक्साइड कॅफीन काढतो आणि दाब सोडताच वायू होऊन निघून जातो. अंशाचा प्रश्नच मिटतो, मात्र यंत्रणा महाग असल्याने ती मोठ्या मालालाच परवडते. कॅनडात चालणाऱ्या 'स्विस वॉटर' पद्धतीत केवळ पाणी आणि कोळशाची गाळणी असते. तिसरा द्रावक इथाइल ॲसिटेट. कोलंबियात तो उसाच्या अल्कोहोलपासून बनतो, म्हणून त्या कॉफीच्या पाकिटावर 'ऊस पद्धत' किंवा चक्क 'नैसर्गिक' असे छापले जाते. महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील साकरवाडीत उसाच्याच अल्कोहोलपासून हे रसायन तयार होते आणि ते रंग, शाई आणि औषधांच्या कारखान्यांना जाते. पिकलेल्या फळांतही इथाइल ॲसिटेट असते आणि त्याचे विषारीपण फारच कमी आहे, हे खरे. पण कारखान्यातल्या टाकीतून आलेल्या द्रावकाला 'नैसर्गिक' म्हणणे ही जाहिरातबाजी झाली. शिवाय ते झटकन पेट घेते, त्यामुळे ते वापरणाऱ्या कारखान्याला आगीची धास्ती असते.

ग्राहकाची अडचण अशी की यांपैकी कोणती पद्धत वापरली, हे त्याला कळण्याची सोय नाही. द्रावक हा घटक नसून प्रक्रियेचे साहाय्यक द्रव्य आहे, म्हणून घटकांच्या यादीत त्याचे नाव यावे लागत नाही. हे अमेरिकेत तसेच युरोपात, आणि भारतातील लेबलांचे नियमही याच तत्त्वावर उभे आहेत. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरणारे उत्पादक ते मोठ्या अक्षरांत छापतात. बाकीचे गप्प राहतात. पाकिटावर पद्धतीचा उल्लेख नसेल तर द्रावक वापरले असावे, असा तर्क करण्यावाचून खरेदीदाराला गत्यंतर नसते. मुंबई-पुण्याच्या कॉफीगृहांत डिकॅफ मागणारे अजून थोडे असले तरी न्यू जर्सी किंवा बे एरियात मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांना संध्याकाळी डिकॅफचाच कप पुढे केला जातो. पाकिटावर एक ओळ छापण्यास उद्योगाला जवळजवळ काहीच खर्च नाही. तरीही तिला विरोध होतो, कारण 'मिथिलीन क्लोराइडने प्रक्रिया केलेली' हे शब्द वाचून कोण खरेदी करील, अशी भीती आहे. ग्राहकाने हिशेब समजून घेण्याइतका तो शहाणा नाही, हे त्या भीतीमागचे गृहीतक आहे.

कपातल्या मायक्रोग्रॅमची इतकी चर्चा होत असताना ज्याच्या नाकासमोर हे द्रावक रोज आठ तास असते, त्याची चर्चा फारच कमी होते. भारतातील रासायनिक आणि औषधी कारखान्यांत याच रसायनाला 'एमडीसी' म्हणतात आणि ते पिंपांनी वापरले जाते. औषधांतील अंशासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत त्याला दिवसाला ६ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. कॉफी पिणाऱ्याच्या वाईटात वाईट मात्रेच्या वीसपट. पण कामगाराच्या फुफ्फुसात जाणारी वाफ या दोन्हींच्या पलीकडची आहे. ८५ मृत्यूंची ती नोंद बहुतांशी कामगारांचीच आहे. अमेरिकेत कारखान्याच्या हवेत आठ तासांसाठी २५ पीपीएम ही जुनी मर्यादा होती. ईपीएने २०२४ च्या नियमात, ज्या मोजक्या उद्योगांना वापर चालू ठेवता येणार होता त्यांच्यासाठी, ती २ पीपीएमवर आणली. अन्नासाठीचा वापर त्या कायद्याबाहेर असल्याने डिकॅफच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे नवे संरक्षण मिळाले नाही; त्याच्यासाठी मर्यादा जुनीच, २५ पीपीएमची राहिली.